लॉगबुकातलं खोटं वाक्य

मागच्या महिन्यात मंडळाच्या बैठकीत या अंकाचे विषय ठरत होते. कुणी दशावतारावर लिहिणार होतं, कुणी आजीच्या ओव्यांवर, कुणी कदंबच्या बसमधल्या गप्पांवर. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मी जहाजाच्या इंजिन रूमवर लिहिते." क्षणभर सगळे गप्प. मग मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, हे साहित्य मंडळ आहे, पॉलिटेक्निक नव्हे!" सगळे हसले. मीही हसले. पण घरी जाताना वाटलं, गोव्यातल्या अंकात बोटीवर लिहायचं नाही, तर कुठे लिहायचं? आमच्या वर्गात हात वर करायला सांगितलं, तर कुणाचा बाप, कुणाचा मामा, कुणाचा दादा बोटीवर निघेलच. दोनापावलाला गेलं की समोर मुरगाव बंदरातली जहाजं दिसतात. त्यांच्यासमोर उभं राहून आपण फोटो काढतो. पण त्या जहाजांच्या पोटात काय चालतं, यावर आपण एक ओळही लिहिलेली नाही. कांदोळीच्या किनाऱ्यावर २००० साली रुतलेलं 'रिव्हर प्रिन्सेस' दहा वर्षांहून जास्त काळ तिथेच गंजत पडलं, तेव्हा त्याच्यावर भरपूर बोलणं झालं. म्हणजे जहाज रुतलं की आपल्याला दिसतं. चालू असतं तेव्हा दिसत नाही.

माझे बाबा मोटरमन आहेत. वायपर म्हणून लागले, मग ऑयलर झाले, मग मोटरमन. आमच्या घरात 'बाबा बोटीवर आहेत' हे वाक्य 'बाबा बाजारात गेलेत' इतक्या सहज म्हटलं जातं. तरीही दोन वर्षांपूर्वीपर्यंत मला त्यांच्या कामाबद्दल एवढंच ठाऊक होतं की तिथे फार गरम होतं आणि पगार डॉलरमध्ये मिळतो.

आज मला एकच गोष्ट मांडायची आहे. जहाजावरची सुरक्षितता लोखंडाने आणि यंत्रांनी राखली जाते, हे खरं आहे. पण शेवटी ती एका वाक्यावर येऊन थांबते. कुणीतरी कागदावर खरं लिहिलं की खोटं, आणि कुणीतरी वेळेला तोंड उघडलं की नाही. म्हणून हा विषय साहित्य मंडळाचाही आहे.

आधी ती जागा कशी असते ते सांगते. मोठ्या मालवाहू जहाजाचं मुख्य इंजिन तीन-चार मजली घराएवढं उंच असतं. ते हळू फिरतं, साधारणपणे मिनिटाला शंभरच्या आसपास फेरे, आणि त्याच्या दांड्यालाच थेट पंखा जोडलेला असतो. जड तेलावर चालणाऱ्या जहाजात ते तेल थंड असताना डांबरासारखं घट्ट असतं. ते शंभर अंशांच्या वर तापवावं लागतं, तेव्हा कुठे ते इंजिनात फवारता येतं. त्याआधी प्युरिफायर नावाचं यंत्र ते गरगर फिरवून त्यातलं पाणी आणि गाळ काढतं. वीज बनवायला वेगळे जनरेटर. वाफेसाठी बॉयलर. समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करायला वेगळं यंत्र. सुकाणू फिरवायला मागच्या टोकाला स्टिअरिंग गिअर. तळाशी साचणारं तेलकट पाणी ते बिल्ज. एका छोट्या गावाची वीज, पाणी, इंधन आणि सांडपाणी एकाच लोखंडी खोलीत, आणि ती खोली समुद्रावर डुलतेय.

आवाज इतका की कानावर इअरमफ लावल्याशिवाय आत जायचं नाही. बाबा म्हणतात, "खाली आम्ही तोंडाने बोलतच नाही, हातांनी बोलतो." अंगठा वर, मूठ बंद, बोट गोल फिरवलं की व्हॉल्व्ह उघड. गरम तेलाचा एक बारीक फवारा तापलेल्या एक्झॉस्टच्या पाइपावर पडला तर आग लागायला क्षण पुरतो. म्हणून इंधनाच्या दाबाच्या नळ्यांवर दुसरी नळी चढवलेली असते आणि तापलेल्या भागांवर जाड आवरण असतं. ते आवरण दुरुस्तीसाठी काढलं आणि 'उद्या लावू' म्हणून राहिलं, की झालं.

हे सगळे नियम कुणी टेबलाशी बसून सुचलं म्हणून केलेले नाहीत. १९४७ च्या सप्टेंबरमध्ये 'रेना देल पासिफिको' नावाचं जहाज दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी उत्तर आयर्लंडजवळ समुद्रात गेलं होतं. इंजिनाच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे खालच्या बंद पेटीत, तेलाची वाफ धुक्यासारखी साचली, कुठलातरी भाग जास्त तापला आणि स्फोट झाला. २८ माणसं गेली. आज मोठ्या इंजिनांच्या क्रँककेसवर स्फोटाचा दाब बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात आणि तेलाच्या धुक्याची सूचना देणारं यंत्र असतं. ही यंत्रं पुढे सक्तीची होण्यामागे अशा अपघातांचा धडा आहे. बाबा त्या यंत्राची काच पुसताना मला दिसतात, तेव्हा मला ती २८ माणसं आठवतात. बाबांना आठवतात की नाही, ठाऊक नाही. त्यांना ते फक्त रोजचं काम आहे. कदाचित तसंच असायला हवं.

आता एका तारेची गोष्ट.

२६ मार्च २०२४. माझी बारावीची परीक्षा नुकतीच संपली होती. बाबा घरीच होते. का, ते पुढे सांगते. टीव्हीवर बाल्टिमोरचा पूल पडताना दाखवत होते. पुन्हा पुन्हा तेच दृश्य. सुमारे तीनशे मीटर लांबीचं 'दाली' नावाचं कंटेनर जहाज रात्री दीडच्या सुमारास बंदरातून बाहेर पडत होतं. त्याचे दिवे गेले, आले, पुन्हा गेले, आणि ते फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं. पूल पत्त्यांसारखा खाली आला. पुलावर रस्त्याचे खड्डे बुजवणारे कामगार होते, त्यातले सहा जण गेले. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या देशांतून पोटासाठी आलेली माणसं. आणि जहाजावरचे जवळजवळ सगळे खलाशी आपले भारतीय. आईने हात जोडले. बाबा एवढंच म्हणाले, "पोरं अडकली आता." खरोखरच ती माणसं कित्येक आठवडे त्या मोडक्या पुलाखालच्या जहाजावरच होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने चौकशी केली आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये निष्कर्ष सांगितला. मी तो वाचला तेव्हा दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा विश्वासच बसला नाही. कारण होतं एक सैल तार. विजेच्या पॅनेलमध्ये प्रत्येक तारेवर तिच्या नावाची छोटी पट्टी असते, आपण वहीवर लेबल लावतो तशी. एका तारेवरची ती पट्टी चुकीच्या जागी बसली होती, म्हणून तारेचं टोक खाचेत पूर्ण आत गेलंच नव्हतं. तार वरवर बसलेली दिसत होती. त्या रात्री तिचा संपर्क तुटला, ब्रेकर पडले आणि अंधार झाला.

गोष्ट इथे संपत नाही. वीज परत आली, पण पुन्हा गेली. चालू जनरेटरना इंधन पुरवण्यासाठी एक असा पंप वापरला जात होता, जो मुळात त्या कामासाठी नव्हता. तो नळ्या धुण्यासाठीचा पंप होता. वीज गेल्यावर तो आपोआप पुन्हा सुरू होत नव्हता. जनरेटरना तेल मिळालं नाही आणि दुसऱ्यांदा अंधार झाला. सोय म्हणून केलेली एक जोडणी चालत राहिली. रोज चालत होती, म्हणून कुणाला ती चूक वाटली नाही.

मोठ्या जहाजावर मुख्य वीज गेली तर ४५ सेकंदांच्या आत आणीबाणीच्या जनरेटरने काम सुरू केलं पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ४५ सेकंद म्हणजे आपल्याला काहीच नाही. मोबाइल अनलॉक करून एक मेसेज वाचेपर्यंत जातात. पण पुलाजवळ असलेल्या, लाखभर टनांच्या जहाजाला ४५ सेकंदसुद्धा जास्त असतात. आणीबाणीची वीज आली तरी त्यावर मुख्य इंजिन चालत नाही. म्हणजे सुरक्षेची शेवटची यंत्रणा नीट चालली तरी ती फार थोडं वाचवते. वाचवायचं असतं ते आधीच, तार बसवताना आणि पंप निवडताना.

त्या रात्री एक गोष्ट मात्र चांगली झाली. जहाजावरच्या पायलटने लगेच मेडे दिला, पूल बंद करा म्हणून. दोन्ही टोकांना पोलिसांनी गाड्या थांबवल्या. किती जीव वाचले असतील कोण जाणे. पण तोच निरोप पुलावर काम करणाऱ्या माणसांपर्यंत वेळेत पोचला नाही. चौकशीने तेही नोंदवलं आहे. म्हणजे एकाच रात्री एक वाक्य पोचलं म्हणून माणसं वाचली आणि एक वाक्य पोचलं नाही म्हणून माणसं गेली.

आता बाबा घरी का होते, ते सांगते. हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "लिही. जहाजाचं नाव घालू नको, म्हणजे झालं."

२०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. जहाज नांगरावर उभं होतं. तळाशी असलेल्या एका बंद रिकाम्या टाकीत गळती आहे की काय, ते बंदरात शिरण्याआधी बघायचं होतं. अशा जागेत उतरायचं तर आधी हवा खेळवायची, मग मीटरने प्राणवायू मोजायचा, बाहेर एक माणूस उभा ठेवायचा आणि मग परवान्याच्या कागदावर सही करायची. याचं कारण साधं आहे. लोखंड गंजतं तेव्हा ते हवेतला प्राणवायू खातं. महिनोन्महिने बंद असलेल्या टाकीत हवा दिसते तशीच असते, वास येत नाही, धूर नसतो, पण तिच्यात जीव नसतो. बाहेरच्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तो फार खाली गेलेला असेल तर शिडीवरून उतरणारा माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. वरून बघणारा त्याला वाचवायला तसाच खाली धावतो आणि तोही कोसळतो. जगभर या प्रकारात वाचवायला गेलेली माणसंही मेली आहेत.

बाबांच्या हातात परवान्याचा कागद दिला तेव्हा तो आधीच भरलेला होता. प्राणवायू: २०.९. वेळ लिहिलेली, सही केलेली. मीटर मात्र कंट्रोल रूममध्ये पेटीतच होता आणि त्याची बॅटरी उतरलेली होती. बाबा म्हणाले, "साब, मीटर आणा, मग उतरतो." सेकंड इंजिनियर म्हणाले, "वेळ नाहीये. मागच्या आठवड्यात उघडली होती ना तीच टाकी?" बाबा म्हणाले, "मग मागच्या आठवड्याची तारीख घाला कागदावर."

बाबा उतरले नाहीत.

मग ब्लोअर लावला, मीटर चार्ज केला, दोन-तीन तासांनी मोजलं. हवा चांगली निघाली. गळतीही नव्हती. हे मी मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टींत शेवटी नायक बरोबर ठरावा अशी आपली अपेक्षा असते. इथे तसं झालं नाही. सगळे म्हणाले, उगाच उशीर केला. कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर बाबांच्या रिपोर्टमध्ये 'सहकार्य करत नाही' अशा अर्थाचा शेरा आला आणि पुढचे आठ महिने बोलावणं आलं नाही.

त्या आठ महिन्यांत आमच्या घरी काय झालं, ते बोटीवरच्या घरातल्या सगळ्यांना समजेल. छपराचं काम अर्ध्यावर होतं. माझी ट्यूशनची फी होती. शेजारी विचारायचे, "अजून कॉल नाही आला?" एका रात्री जेवताना मी बाबांना म्हटलं, "एकदा उतरला असता तर काय झालं असतं?" बाबांनी उत्तर दिलं नाही. हात धुतले आणि बाहेर जाऊन स्कूटरचा कार्ब्युरेटर साफ करत बसले. आई मला म्हणाली, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे असतं, तर तो तुझ्याशी बोलायला इथे नसता." मला ते वाक्य तेव्हा कळलं नाही.

आज कळतं. बाबांचा निर्णय बरोबर होता, हे हवा चांगली निघाल्याने खोटं ठरत नाही. रस्ता ओलांडताना डोळे मिटून गेलात आणि गाडी आली नाही, म्हणून डोळे मिटणं बरोबर ठरत नाही. टाकीतली हवा कशी आहे हे त्या क्षणी कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि कागद मात्र ठाऊक आहे असं सांगत होता. 'प्राणवायू २०.९' हे वाक्य योगायोगाने खरं निघालं. पण ते लिहिलं गेलं तेव्हा खोटंच होतं.

असं खोटं वाक्य फक्त टाकीच्या परवान्यावर नसतं. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे खलाशाला कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. याची रोज नोंद होते, खाली सह्या होतात. रात्री इंजिन रूममध्ये माणूस नसलेली जहाजं आता सर्रास असतात. काही बिघडलं की ड्यूटीवरच्या इंजिनियरच्या केबिनमध्ये अलार्म वाजतो. तो उठतो, खाली जातो, बघतो, परत येतो. पुन्हा अलार्म. त्या रात्रीची झोप तुकड्यातुकड्यांची, पण तक्त्यावर बऱ्याचदा सरळ रेघ. स्वीडनमधल्या माल्मो इथल्या जागतिक सागरी विद्यापीठाने २०२० साली या विश्रांतीच्या नोंदींवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. नोंदी नियमात बसतील अशा 'जुळवून' लिहिल्या जातात आणि ही जहाजावरची रीतच झाली आहे, असं त्यात मांडलं आहे. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "यासाठी विद्यापीठ लागतं?"

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मीही खोटंच लिहिते आहे असं होईल. बाबांचे जुने मित्र, आता चीफ इंजिनियर झालेले एक काका, दिवाळीत घरी आले होते. मी त्यांच्याशी वाद घातला. ते म्हणाले, "बाई, तुला वाटतं आम्ही राक्षस आहोत? प्रत्येक अपघातानंतर एक नवा फॉर्म येतो. माणसं मात्र वाढत नाहीत, कमीच होतात. पोर्टमध्ये सहा तास, त्यात तपासणीवाले, तेल भरणं, स्पेअर पार्ट, आणि वरून पंधरा चेकलिस्ट. त्या खऱ्याखुऱ्या भरायच्या म्हटल्या तर जहाज हलणारच नाही." त्यांचं म्हणणं मला टाळता येत नाही. ज्या सेकंडने बाबांना उतरायला सांगितलं, तोही कदाचित दोन रात्री जागलेला होता. त्यालाही वरून फोन येत होते. त्याच्या घरीही कुणाची तरी फी होती.

पण काकांच्या बोलण्यातूनच माझा मुद्दा निघतो. फॉर्म भरणं अशक्य असेल, तर तसं लिहायला हवं: 'हे काम दिलेल्या वेळेत आणि दिलेल्या माणसांत होत नाही.' जोवर प्रत्येक तक्त्यावर सरळ रेघ आहे, तोवर मुंबईत, सिंगापुरात किंवा लंडनमध्ये ऑफिसात बसलेल्या माणसाला जहाजावर सगळं ठीक आहे असंच दिसणार. आपल्या खोट्या सहीनेच आपण माणसं कमी करायला परवानगी देतो. खोटं वाक्य फक्त धोका लपवत नाही, ते पुढच्या धोक्याची सोय करून ठेवतं.

६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झेब्रुग बंदरातून 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही प्रवासी फेरी निघाली. गाड्या आत घेण्याचे पुढचे दरवाजे उघडेच राहिले होते. ते बंद करायचे होते तो खलाशी काम संपवून केबिनमध्ये झोपला होता. दरवाजे लागले की नाहीत हे कॅप्टनला ब्रिजवरून दिसत नव्हतं, आणि तिथे तसा दिवाही नव्हता. रीत अशी होती की कुणी काही कळवलं नाही, म्हणजे सगळं तयार आहे असं समजायचं. पाणी आत शिरलं आणि काही मिनिटांत जहाज कलंडलं. १९३ माणसं गेली. असा दिवा बसवा, अशी विनंती त्या कंपनीच्या कॅप्टन लोकांनी आधी केली होती. ऑफिसातून तिची थट्टा झाली होती. या अपघातानंतर 'आयएसएम कोड' आला. १९९८ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि जहाजाच्या सुरक्षिततेची जबाबदारी किनाऱ्यावरच्या कंपनीवरही आली.

'कुणी काही बोललं नाही, म्हणजे सगळं ठीक.' हे वाक्य मला फार ओळखीचं वाटतं. आपल्या घरांत हेच चालतं. बोटीवरून फोन येतो, नेट दोन मिनिटं चालतं, आपण विचारतो, 'जेवलास? पैसे पाठवलेस? कधी येणार?' तो म्हणतो, 'सगळं ठीक.' आणि आपण समजतो, सगळं ठीक.

कागदावर आजच्या खलाशाकडे हक्क आहेत. आयएसएमप्रमाणे प्रत्येक कंपनीत किनाऱ्यावर एक नेमलेला माणूस असतो, ज्याला सर्वांत वरच्या साहेबापर्यंत थेट जाता येतं, आणि जहाजावरचा कुणीही त्याच्याशी बोलू शकतो. २००६ च्या सागरी श्रम कराराने जहाजावरच तक्रार करण्याची रीत ठरवली आहे आणि तक्रार केली म्हणून कुणाला त्रास देता येत नाही, असंही म्हटलं आहे. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत, हाही त्यातलाच नियम. तरी दलालाला पैसे देऊन चढलेली मुलं आपल्या ओळखीची आहेत. कर्ज काढून बोटीवर चढलेला मुलगा 'नाही' म्हणेल का? हक्क जहाजावर टांगलेला असतो, आणि तो वापरायची हिंमत त्याने घरून न्यायची असते. आम्ही बाबांना ती दिली नव्हती. ते स्वतःची घेऊन गेले होते आणि परत आल्यावर मी त्यांना तिचा हिशेब विचारला.

म्हणून माझं म्हणणं दोन ठिकाणी आहे. पहिलं, घरांना. तुमचा माणूस लवकर परतला, रिपोर्ट वाईट आला, कॉल आला नाही, तर आधी त्याला 'काय झालं?' विचारा, 'आता काय करायचं?' नंतर. फोनवर 'झोप झाली का?' विचारा आणि उत्तराची वाट बघा.

दुसरं, आपल्या मंडळाला. आपल्याच कॉलेजातली मुलं दरवर्षी जीपी रेटिंगचा सहा महिन्यांचा कोर्स करून बोटीवर जातात. त्यांना पोहायला शिकवतात, आग विझवायला शिकवतात. पण 'मीटरने मोजलेलं नाही, म्हणून सही करत नाही' हे एक सरळ वाक्य, चिडता न येता, घाबरता न येता, वरिष्ठासमोर कसं बोलायचं आणि कसं लिहायचं, हे कोण शिकवणार? भाषा आपला विषय आहे म्हणतो ना आपण? मग लेखनाची एक कार्यशाळा त्यांच्यासाठी घेऊ. काय पाहिलं, कधी पाहिलं, काय मोजलं, काय मोजलं नाही. चार ओळी, विशेषणं नकोत. मराठीत लिहू, मग इंग्रजीत करू, कारण जहाजावर तीच चालते. बाबा यायला तयार आहेत, सध्या सुट्टीवर आहेत. त्यांना दुसऱ्या कंपनीचं बोलावणं आलं होतं, ते जाऊनही आले.

परवा मी त्यांना हा लेख वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "दोन-तीन तासांनी मोजलं असं लिहिलंयस. अडीच तास झाले होते. अडीच लिही."

म्हणून इथे दुरुस्त करते: अडीच तास.